उजव्या चाकाखालची ठकठक

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्याच्यावर बेतली, त्या हर्षदीपचाही अजून पुरता बसलेला नाही.

हर्षदीप माझा मामेभाऊ. जैनथला शाळेत विज्ञान शिकवतो. रस्त्यात उतरवून ठेवलेलं लिंबू दिसलं, की उचलून पोरांसमोर सरबत करून पिणारा गडी.

त्याच हर्षदीपवर गेल्या फेब्रुवारीत, पैनगंगेच्या पुलाअलीकडे, ती संध्याकाळ आली. त्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीची, दीपमालाची पाठवणी होती.

पाठवणी बाबांच्याच पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून करायची, हे घरात कधीचंच ठरलेलं. त्याचे बाबा, म्हणजे माझे चंपतमामा, तहसील कचेरीत ड्रायव्हर होते. कचेरीची गाडी लिलावात निघाली, तेव्हा त्यांनीच ती घेतली. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं, त्या किंगपिनला स्वतःच्या हाताने ग्रीस द्यायचे. मग धूळ बसू नये म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्याची चिंधी फाडून तिथे बांधायचे.

"पोरीले याच गाडीत सासरी सोडीन," म्हणायचे.

दीपमाला तिसरीत असताना ते तापाने गेले. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली, ती राहिलीच.

लग्न ठरलं, तेव्हा नागेश मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली. डावी पिन पार झिजली होती.

"असं चाक चालत्या गाडीत आत दुमडते, मास्तर. पुलावर दुमडलं तं मंग विचारूच नका."

नवी पिन कुठे मिळेना. शेवटी पार बेज्जूरला, जंगलाच्या कडेला, तशाच एका निळ्या गाडीचा सांगाडा सापडला. मालकीण सोनाबाई, एकटी राहणारी म्हातारी. तिचा नवराही ड्रायव्हरच होता. तोही कधीचा गेलेला.

नागेश डावी पिन काढू लागला, तशी ती पुढे आली.

"जोडी तोडू नका, बाप्पा. न्याची असंन तं दोन्हीकडली न्या."

नागेशचंही तेच म्हणणं होतं. मिस्त्री लोक जोडीच बदलतात. पण उजवी पिन बाबांच्या हातची. हर्षदीपला ती काढवेना.

"आमची उजवी चांगली आहे," तो म्हणाला.

तिथेच चुकलं.

डावी पिन बसवली, त्याच दिवशी दिवेलागणीला अंगणातून आवाज आला...

ठक. ठक.

पान्याने लोखंड ठोकावं तसा. उजव्या चाकाखालून.

हर्षदीप बाहेर आला. कोणी नाही. आवाजही थांबला. पण गाडीचा उजवा कोपरा... हळूच खाली दबला. आणि वर आला. मिस्त्री बॉनेटचा कोपरा दाबून बघतात ना, अगदी तसा.

मांजर असेल, म्हणाला. मांजराने गाडी दबते का, हे विज्ञानाच्या मास्तरला कोण सांगणार!

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी रुक्मामामी दारात येऊन उभी राहिली.

"तुया बाबाची ठकठक आहे ते. काऊन ऐकून राह्यला नाई तू?"

"आई, असं काई नसते!" तो ओरडला. आईवर तो कधीच ओरडत नाही. भ्यायला होता, दुसरं काय.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मात्र आवाज आला नाही.

मामी दाराशी वाट पाहत बसली. अंधार पडला...

काहीच नाही.

त्या शांततेची हर्षदीपला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धवंदना होऊन लग्न लागलं. ऊन उतरल्यावर पाठवणी निघाली. मागे नवरानवरी, पुढे नागेश, स्टिअरिंगवर हर्षदीप. पूल दिसू लागला आणि...

ठक. ठक. ठक.

चालत्या गाडीत. उजव्या चाकाखालून.

त्याने करकचून ब्रेक दाबला.

मागून दीपमाला हळूच म्हणाली, "दादा... गाडीत ग्रीसचा वास येऊन राह्यला. बाबाच्या हाताले यायचा तसा."

नागेश मोबाईलचा उजेड घेऊन चाकाखाली वाकला. बराच वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा चेहरा उतरलेला.

"मास्तर, उजवी पिन तुमची नाई."

हर्षदीपने वाकून पाहिलं. पिनवर निळा रंग होता. सोनाबाईच्या गाडीचा. ताजं ग्रीस. आणि त्यावर गाठ मारलेली... चिंधी.

"मी हात नाई लावला हिले," नागेश म्हणाला. "पण बसवली आहे एकदम पक्की."

गाडी पुलावरून सुखरूप गेली. दीपमाला सासरी पोचली. ती रडत होती, आणि हर्षदीप तिच्याहून जास्त.

चार दिवसांनी तो नागेशला घेऊन बेज्जूरला गेला. निळ्या सांगाड्याला उजवीकडे बाबांची पिन लावलेली होती. नागेशने ती काढून पुसली. मधोमध केसासारखी चीर.

"हे पुलावर तुटलीच असती," तो म्हणाला.

सोनाबाई ओट्यावर बसली होती.

"लग्नाच्या आदल्या सांजेले ठकठक झाली," ती म्हणाली. "तवापासून रोजच होते. माया माणूस आला, बाप्पा. ह्याच टायमाले गाडीखाली असे तो."

ते आपले बाबा आहेत, असं हर्षदीपला सांगावंसं वाटलं. पण म्हातारीचा चेहरा इतका खुलला होता, की त्याने तोंड उघडलं नाही.

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं आणि ती चिंधी तिच्या हातावर ठेवली. मामीने पेटी उघडली. तळाशी मामांचा दुपट्टा, इतकी वर्षं घडी न मोडलेला. उलगडला...

एक कोपरा फाटलेला होता.

आता जैनथला ठकठक होत नाही. पण रोज दिवस कलला, की मामी पिशवी भरून दारात बसते.

"मले बेज्जूरले घेऊन चाल. तो तिकडं थांबला आहे."

हर्षदीप रोज "उद्या जाऊ" म्हणतो. परवा माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला चांगलंच झापलं. एवढ्याशा गोष्टीसाठी आईला का झुरवतोस?



"दोघी म्हाताऱ्या त्या गाडीपाशी बसतीन," तो म्हणाला. "ठकठक होईन. दोघी आपापल्या माणसाले हाक मारतीन..."

"मग?"

"मंग कोणाच्या हाकेले ओ येईन? आणि मंग दुसरीले मी काय सांगू?"