काळी चार

नजरानजर वगैरे काही झालं नाही. भांडण झालं. अंबरनाथला, गणपतीच्या मांडवात, सगळ्यांदेखत.

नेहमीचे तबलजी तापानं पडले म्हणून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून महिपतीला आणलं होतं. कारखान्यात कामगार, भजनात वाजवणारा. कारखान्यातल्याच साहेबांची मुलगी वृंदा गायला बसली आणि आपली पट्टी सांगून मोकळी झाली, "काळी चार."

तिच्या सुराला जुळवायला त्यानं तबला उतरवला. आणखी उतरवला... तबला नुसता ढबढब बोलू लागला.

"हा पुरुषांच्या सुराचा आहे बाई, काळी एकचा. इतका खाली येत नाही. तुम्हीच जरा खाली, काळी एकमध्ये गा."

"तुमच्या तबल्यासाठी मी गळा बदलू?"

"मग तबल्याशिवाय गा. मला काय."

ती खाली गायली. दात-ओठ खात.

मग दर गुरुवारचं भजन. नेहमीचे तबलजी काही परतले नाहीत. पुन्हा तो. पुन्हा खाली. समेवर तो मान वर करून तिच्याकडे बघायचा — आणि तिला स्वतःचाच राग यायचा, कारण ती समेची वाट बघायची.

दिवाळी गेली, होळी आली. घसा बसला. पण त्याची ती खालची पट्टी काही तिनं सोडली नाही.

आणि एक दिवस उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, ती पेटी दुरुस्तीला घेऊन गेली, तर दुकानात महिपती. पुढ्यात नवा तबला. रुंद तोंडाचा.

बायकांच्या सुराचा.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यासाठी हा करून घेतलात. मी तुमच्या सुरात गाऊन घसा फोडतेय, आणि तिला... तिला नाही म्हणालात ते, 'तुम्हीच खाली गा'?"

सिंधी दुकानदारानं हातोडी खाली ठेवली. "साईं, मियां-बीवी का झगडा घर जा के करो. गिराक भागता है."

तिचे कान तापले.

"काळी चारचा आहे," महिपती तबल्याकडे बघत म्हणाला. "परवा गाताना तुमचा आवाज फाटला. घरी जाऊन जेवण गेलं नाही मला."

"विचारायचं तरी मला."

"विचारलं असतं तर भांडला असतात."

"आता काय करतेय मग?"

ती तिथेच पोत्यावर बसली आणि सा लावला. भर बाजारात, रागारागानं, स्वतःच्या मूळ गळ्यातून. समोरच्या कापडवाल्याच्या हातातला गज तसाच राहिला.

महिपतीचे हातही.

"वाजवा ना."

"थांबा," तो म्हणाला. "तुमचा आवाज... पहिल्यांदाच ऐकतोय."