दोन मामांमधली भिंत

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. माझ्या आजोळची, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे, आणि ती भिंत अजून उभी आहे.

मला दोन मामा. एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून राहत्या घरात मधोमध भिंत घालायला निघाले. थोरला गवंडी. विटा आणायच्या तर निम्म्या पैशांसाठी धाकट्याला विचारावं लागलं असतं, म्हणजे त्याच्याशी बोलावं लागलं असतं! त्यापेक्षा तो टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यावर गेला.

तिथलं सगळं ढासळलेलं. फक्त एक दार शाबूत...

दगडांनी बुजवलेलं.

घडीव, चौकोनी, आयते दगड. सांधे बाहेरून भरलेले. म्हणजे कोणाला तरी आत ठेवून दार बंद केलं होतं. गवंड्याच्या नजरेला हे दिसलं नाही असं नाही. पण डोक्यात धाकटा होता. त्याने पहार घातली.

भिंत झाली. एका दगडाच्या जाडीची.

त्याच संध्याकाळी, दिवे लागताना...

ठक्. ठक्.

"बघितलंस? डिवचतोय मला!" थोरला मामीला म्हणाला.

"तुम्ही तरी कुठे कमी आहात," मामी म्हणाली.

ठक्. ठक्. ठक्.

त्याचं टाळकं सरकलं. हातोडी उचलून तो बाहेरून वळसा घालून धाकट्याच्या दारात गेला. मामी मागोमाग. धाकटा आत लोखंडी कांब घेऊनच उभा.

"आलास? दम असेल तर आता समोर वाजव!"

"मी वाजवतोय? मी?"

तिघेही एकाच बाजूला उभे होते. पलीकडे कोणीच नव्हतं.

भिंत वाजली.

इकडून नाही. तिकडून नाही...

मधून.

"तूच आणलेस हे दगड, करंट्या!"

"तुझं थोबाड दिसू नये म्हणून आणले!"

दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले. आणि वाजणं थांबलं. जणू कोणी कान देऊन ऐकत होतं.

ते दम घ्यायला थांबले...

ठक्.

भिंत पाडायची छाती कोणाचीच नव्हती. ते दगड एकदा हलवून काय झालं, ते समोरच होतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघे भांडायचे. खरा राग कधीच आटला होता. सापडतील ती उणीदुणी काढायची, नाही सापडली तर नवी रचायची, आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. शेजारी म्हणत, काय माणसं आहेत!

परवा संध्याकाळी मी थोरल्याला फोन केला. मागे दोघांची जोरात जुंपली होती. इतक्या घाणेरड्या शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या.

"मामा, आधी भांडण आटपा. मग बोलू."

त्याने फोन तोंडाजवळ घेतला. मग अगदी हळू...

"आम्ही अंगणात आहोत रे. सगळे. धाकटा माझा हात धरून बसलाय."

मागे घरात दोघांचे आवाज एकमेकांच्या जिवावर उठले होते.

आणि त्यातला राग... तो रचलेला नव्हता.