सुतळीच्या दोन गाठी

त्या रविवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता आणि एसटी शेंद्र्याच्या पुढे आलीच नाही. आली असती तर खांद्यावर सिमेंटचा पाईप घेतलेला तो माणूस पायी चालत आमच्या दारात पाणी मागायला थांबला नसता.

तो सूर्यभान. आठवडाभर चिकलठाण्याच्या कारखान्यात आणि सुट्टीला गावोगाव बिनधुराच्या चुली घालत हिंडायचा. त्याच्यासारखी आणखी काहीजणं होती. एका गावात बायकांचं मंडळ उभं करायचं, त्यांना चूल घालायला शिकवायचं, मग त्यांनी शेजारच्या गावाला शिकवायचं. पगार कुणालाच नाही. धूर कमी व्हावा, सरपण कमी लागावं, डोंगरावरची झाडं टिकावीत, एवढाच हट्ट.

पाणी पिता पिता त्यानं आईचा खोकला ऐकला.

"पाईप वाहून दमलो, मावशी. इथंच घालू का चूल?"

आईनं आधी त्याचं गाव, आडनाव, मामाचं कूळ विचारून घेतलं, मगच हो म्हणाली आणि मेंढ्यांकडं गेली.

मी माती मळायला बसले. धूळ नको म्हणून डोक्यावर पदर घेतला होता. त्यानं सुतळी काढली.

"वैनी, वीत टेका. जी रांधती तिच्याच मापाची चूल लागती."

मी वैनी नाही, हे सांगणार होते… पण त्याचं बोट माझ्या करंगळीला लागलं आणि राहूनच गेलं. एक गाठ माझ्या वितेची, दुसरी बसल्यावर कोपराच्या उंचीची.

"बोटं आखडताय तुम्ही."

"माती गार हाय."

"व्हय… लई गार हाय."

चूल झाली आणि आई परतली. "अरे पोरा, हिचं माप कशाला घेतलं? लेक हाय माझी. उद्या सासरी जायची."

"मला वाटलं… सून." तो कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना.

मग आमच्याही गावात मंडळ झालं. मी घरोघर माती मळत फिरू लागले आणि सूर्यभान दर रविवारी तपासणीला येऊ लागला.

"धूर व्हतो का?"

"नाय."

"सरपण कमी लागतं?"

"व्हय."

"मग… बरं हाय." तरी उठायचा नाही.

मला तो आवडायला लागला होता. फार. पण हा बाबा चुलीपलीकडे एक शब्द बोलेल तर शपथ. तेवढ्यात सोयगावचं स्थळ आलं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, बाजारच्या दिवशी होकार कळवतो. इकडं आईनं सूर्यभानला निरोप धाडला, लेक चालली, आता चूल माझ्या मापाची करून दे, मागच्या वैलावरच्या भांड्यापर्यंत माझा हात पोचत नाही.

बाजारच्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस होता. तो रजा टाकून आला, पहार घेऊन चुलीपुढं बसला आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यानं चूल मोडली. मला बघवेना.

नव्या सुतळीनं आईचं माप घेऊन चूल उभी राहिली. लिंपायला आणखी माती आणायला आई मागल्या दारी गेली. त्यानं माझ्या मापाची जुनी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

"ती कशाला?" मी विचारलं.

"एक चूल बाकी हाय."

"कुणाकडं?"

"माझ्या खोलीत. गावोगाव चुली घातल्या, पण सोता खानावळीत जेवतो. माप नव्हतं."

"आन् आता?"

"माप हाय. पण… रांधणारी तुम्ही नसाल तर ते कुणाच्या कामाचं?"

"इतके रविवार काय केलं मग?"

"धीर नव्हता व्हत, कस्तुरा." पहिल्यांदाच त्यानं माझं नाव घेतलं. "तिकडं वस्तीत मंडळ बी नाय अजून. याल?"

ओसरीवर दादा पटका बांधून वहाणा घालत होते. मी मातीच्या हातानंच बाहेर गेले.

"दादा, सोयगावला होकार देऊ नका."

"का गं?"

मी नुसतं मागं पाहिलं. सूर्यभान चौकटीत उभा होता, कोपरापर्यंत मातीनं माखलेला. "मी… मागणी घालतो, मामा," तो कसाबसा बोलला.

मातीचं घमेलं घेऊन आई आली. "मी कूळ काय उगं विचारलं व्हतं?" ती दादांना म्हणाली.

दादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सावकाश वहाणा काढल्या आणि ओसरीवर टेकले.

"चहा टाक," ते मला म्हणाले.

"चूल ओली हाय, मामा," सूर्यभान म्हणाला.

शेवटी चहा शेजारून आणला.