सावेताच्या माळेतलं नाणं

“नाणं आधी कानानं बघ, वेतूरिया, मग डोळ्यानं,” वडील सांगायचे. ते गेल्यावर सिबिऊ शहरातलं जुन्या नाण्यांचं ते चिंचोळं दुकान तीच चालवत होती.

बुधवारचा उपास. तेलातुपाविना उकडलेल्या शेंगा खाऊन ती टेबल पुसत होती, तेवढ्यात डोंगराकडचा पाम्फिल म्हातारा आत आला. टोपी काढून हातात धरलेली.

“हे खरं आहे का, तेवढं सांग पोरी.”

रुमालातून चांदीचं मोठं नाणं, टालर, निघालं. वर गुबगुबीत राणीचा छाप, साल १७८०. वेतूरियानं ते बोटाच्या टोकावर तोललं, नखानं टिचकी मारली. नाद लांब, स्वच्छ. मग भिंग लावलं. राणीचं नाक, केसांची वळणं, कडेची अक्षरं, सगळं काल पाडल्यासारखं कोरं.

“चांदी खरी, बाबा. वय खोटं. तेच साल घालून हा छाप पुढंही पाडत राहिले. चांदीच्या वजनाएवढी किंमत येईल, जास्त नाही.”

“किंमत कोण विचारतंय!”

चांदी हाताची ऊब पटकन धरते. हे नाणं एवढा वेळ तळहातावर होतं, तरी गारच.

“कुठं मिळालं?”

“टेबलावर. सकाळी, मक्याच्या मामालिगेच्या पातेल्याशेजारी.” त्यानं टोपी टेबलावर ठेवली. “मेल्यावर जिवाला वाटेत चौक्या लागतात, तिथं द्यायला म्हणून हे मीच बायकोच्या, सावेताच्या मुठीत बांधलं होतं. शवपेटीला खिळे माझ्यादेखत ठोकले.”

“तसलंच दुसरं असेल.”

“कडेला माझ्या चाकूची खूण बघ.”

खूण होती.

“तिनं बजावलं होतं,” म्हातारा म्हणाला, “लग्नाच्या माळेतलंच नाणं द्या, आईनं घातलेलं. ते तर मी वसंतात तुला विकलेलं, छपरासाठी. म्हटलं, चांदी ती चांदी. मेलेल्या बाईला काय कळतंय?” तो हसला. “जन्मभर मी बाजारातून काही आणलं की हेच. टेबलावर आपटायची. ‘जा, बदलून आणा!’”

वेतूरियानं छातीवर क्रूसाची खूण केली.

“उद्या चाळिसावा दिवस. त्याआधी चौक्या ओलांडल्या नाहीत, तर ती कुठं राहायची?” त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. “कबर टेकडीवर, चढायला गुडघे नाहीत माझे. आणि पोराला सांगू तरी काय?”

“हे राहू दे इथं. तिच्या माळेतलं अजून माझ्याकडंच आहे, ते मी स्वतः नेऊन तिच्यापाशी पुरते.”

“शब्द देतेस?”

“दिला.”

म्हातारा गेला. तिनं खणाचं कुलूप काढलं. जुनं नाणं घासायचं नसतं. घेतलं त्या दिवशी तिनं ते नुसतं कोऱ्या कागदात गुंडाळून, लाख लावून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला दाखवायचं राहूनच गेलं होतं.

लाख शाबूत होती.

तिनं ती फोडली.

झिजलेली राणी. मुकुटावर माळेसाठी पाडलेलं भोक, घेतलं तेव्हा आरपार दिसणारं.

कागद कोरडा, पांढरा.

भोकात काळी, ओली माती घट्ट भरलेली.

मग मातीला हात न लावता तिनं नाणं पुन्हा गुंडाळलं, पदरासारखा रुमाल डोक्यावरून घेतला, दुकानाला कुलूप घातलं आणि डोंगराकडच्या बसच्या थांब्याकडे चालू लागली.