घाट उतरणारी झेन

“भाऊ, झेनचे पुढचे ब्रेक पॅड द्या. सगळ्यात स्वस्त असतील ते,” काउंटरवर किल्ली आपटत सारिका म्हणाली.

“ते नाई देत मी,” काउंटरमागचा तरुण म्हणाला.

‘नाही’ हा शब्द सारिकाला लहानपणापासून झोंबायचा. तिनं ओढणी खोचली.

“नाई देत म्हंजे? मंग दुकान कायले मांडलं?”

“विकाले मांडलं. पण ते पॅड लय कडक असते. डिस्क खाते अन् ओरडते. तुमची गाडी तं आधीच एवढी ओरडते, की...” तो अडखळला. कान लाल झाले त्याचे.

“माझी गाडी ओरडते, हे तुमाले कसं मालूम?”

“अख्ख्या मेहकरले मालूम आहे, मॅडम.”

खोटं नव्हतं ते. बसस्टँडच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून अशी किंकाळी निघे की चहा पिणारे कप खाली ठेवत. पण गाडीला नावं ठेवलेली सारिकाला खपायची नाहीत, कारण तिचं सगळं त्या गाडीवर चालायचं. ती डोळे तपासायची. भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता आणि चष्म्याच्या फ्रेमा मागच्या सीटवर टाकून जानेफळपासून पार तालुक्याच्या टोकापर्यंतचे आठवडी बाजार करायची.

गाडी मुळात वडिलांची. नारायणरावांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि निवृत्तीनंतर हौसेनं ही जुनी झेन घेतली. दोन वर्षांपूर्वी सारिकानंच त्यांना तक्त्यासमोर बसवलं आणि त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. साखरेनं डोळ्यांचे पडदे धरले होते. तेव्हापासून बाप लेकीशी कामापुरतंच बोलायचा.

त्यात आता शेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, घर मोठं, अट एकच — सुनेनं गावोगाव गाडी फिरवायची नाही. नारायणरावांना निमित्तच मिळालं. ब्रेक गेलेली गाडी दारात ठेवायची नाही, विकून टाकायची, असं त्यांनी जाहीर केलं.

“अन् मी ब्रेक नीट केले तं?” सारिकानं विचारलं होतं.

“मले बाजूले बसवून घाट उतरून दाखव. शेगावले दर्शनही होईन अन् त्याईचं घरही पाहू. उतरली तं गाडी तुही. नाई तं विकली.”

आयुष्यभर घाटातून गाडी उतरवलेल्या माणसाची अट होती ती. सारिका एवढंच म्हणाली, “उतरवते.”

म्हणून ती आज इथे उभी होती, आणि हा पोरगा — मागच्या पाटीवर ‘प्रो. वैजनाथ’ असं लिहिलेलं — तिलाच शहाणपण शिकवत होता. त्यानं दोन खोकी पुढे ठेवली.

“हे नरम. चांगलं धरते, पण लवकर झिजते. हे मधलं, ना कडक ना नरम. घाट उतराचा असन तं हेच घ्या. गरम झालं तरी पकड सोडत नाई.” त्यानं खोकं नाकापाशी नेलं आणि त्यावरची खूण निरखली. “अस्सल आहे.”

सारिका खोक्याकडे पाहतच नव्हती. ती त्याच्या नाकाकडे आणि खोक्यातल्या अंतराकडे पाहत होती. चार बोटंही नव्हती मध्ये.

“रस्त्यापलीकडचा बोर्ड वाचा बरं.”

“न्यू स्टार टेलर्स. सूट-सफारी स्पेशल,” त्यानं न अडखळता सांगितलं.

सारिकानं वळून पाहिलं. समोर भला मोठा गुलाबी केक रंगवलेला होता.

“टेलरनं दुकान सोडलं, भाऊ. तठी आता केक मिळते.”

वैजनाथनं डोळे बारीक केले... मग मान खाली घातली. सारिकाला हसू आलं, आणि हसू येताच त्याच्यावरचा राग गेला याचा तिला पुन्हा राग आला. तिनं मधलं खोकं उचललं.

शेजारीच रज्जाकचाचांचं गॅरेज होतं. चाचा पाना घेऊन उठले, तर सारिकानं पाना त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तू काऊन हात काळे करून राह्यली, बेटा? मी करून देतो ना.”

“मलेच करायचं आहे, चाचा. तुमी फक्त सांगा. घाटात तुमी थोडीच असान माझ्यासंग.”

तिनं जॅक लावला, चाक उतरवलं, चाचांनी दाखवलेला बोल्ट काढून पॅड धरून ठेवणारं कॅलिपर वर उचललं. आतून निघालेलं पॅड झिजून नखाएवढं उरलं होतं. क्लॅम्पनं पिस्टन आत दाबायला तिला दोन्ही हात लावावे लागले, पण वैजनाथनं पुढे केलेला हात तिनं नजरेनंच मागे सारला.

“दुसऱ्या चाकाचेही आताच बदला,” तो हळूच म्हणाला. “एकाच बाजूचे नवे घातले तं गाडी तिकडेच ओढते. हे... हे जोडीनंच बदलावं लागते.”

“किती गिऱ्हाइकाईले ऐकवता हे?”

“रोज दहा जणाले.”

“अन् रोज असेच लाजता?”

चाचांना चहाचा ठसका लागला.

दोन्ही चाकं चढली. ती गाडीत बसली तसे चाचा बोनेटसमोरून बाजूला झाले. “पह्यले पेडल मार, बेटा. कडक लागेपर्यंत मारत राह्य. अन् दोन आठवडे गाडीले प्रेमानं थांबवजो, एकदम दाबू नको.”

पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला गेलं. चौथ्यांदा मात्र पायाखाली भक्कम काहीतरी लागलं. तिनं वळणापर्यंत चक्कर मारली आणि परत येऊन गाडी अगदी वैजनाथच्या शेजारी थांबवली. चूं नाही की चां नाही. तो अजून वळणाकडेच कान देऊन उभा होता.

“भाऊ.”

तो दचकला. “कधी आल्या?”

“आत्ताच तं आली.”

“आता कळणार नाई मंग...” तो वळणाकडेच पाहत बोलला. “सोमवारी अन् गुरुवारी तुमची गाडी ओरडली की मी काउंटर सोडून बाहेर यायचो. दिसायचं नाई काही. पांढरा ठिपका जायचा फक्त.” मग एकदम धीर करून, “अन् एक सांगू? भाऊ नका म्हणू.”

सारिकानं गाडीचं मागचं दार उघडलं, गॅरेजच्या शटरवर तक्ता टांगला आणि त्याला स्टुलावर बसवलं. भिंगं बदलताना तिची बोटं त्याच्या कपाळाला लागत होती, आणि ग्रीसचे डाग उमटले तरी तो हलत नव्हता.

“मायनस तीन,” ती शेवटी म्हणाली. “गाडी चालवता?”

“नाई. समोरची गाडी एकदम अंगावर येते. सगळे मले भित्रा म्हणतात.”

“तुमी भित्रे नाई. तुमाले ती उशिरा दिसते, बस.” तिनं तक्ता गुंडाळला. “पंधरा दिवसांनी रविवारी घाट उतरून राह्यली मी. स्वतःच्या मालावर भरवसा असन तं माझ्या गाडीत बसा.”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी तो म्हणाला, “बसतो.”

रविवारी सकाळी पुढच्या सीटवर बसलेल्या नारायणरावांनी मागे वळून विचारलं, “हा कोण?”

“पॅड यानंच देले.”

“मंग सोबत कायले?”

“गॅरंटी म्हणून.”

घाटमाथ्यावर सारिकानं गाडी कडेला घेतली आणि पर्समधून एक डबी काढून मागे दिली. वैजनाथनं चष्मा घातला. उतारावर पळस फुलला होता, आणि त्याला तो लाल पसारा म्हणून नव्हे, एकेक फूल म्हणून दिसत होता. मग त्यानं आरशात पाहिलं. आरशात सारिका होती.

“भुवईवर तीळ आहे तुमच्या,” तो म्हणाला.

“पुढं पाह्य, सारिका,” नारायणराव म्हणाले.

तिनं दुसरा गियर टाकला, म्हणजे उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवेल. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणापलीकडे रस्ताभर बकऱ्या होत्या. सारिकानं ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ रेषेत, आवाज न करता, पहिल्या बकरीपासून हातभर अलीकडे थांबली.

नारायणरावांचा उजवा पाय, जिथे पेडल नव्हतं तिथे, जोरात दाबलेला होता. तो त्यांनी सावकाश उचलला.

“गियरवर उतरवली,” ते म्हणाले.

“तुमीच शिकवलं, बाबा.”

दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. सारिकाचे डोळे भरून आले, पण बकऱ्या बाजूला झाल्या होत्या आणि तिला समोर पाहणं भाग होतं.

घाटाखाली ते चहाला थांबले. सारिकानं कप खाली ठेवला.

“बाबा, मी शेगावच्या लोकाईले नाई म्हणणार आहे. मी गाडी विकणार नाई अन् काम सोडणार नाई. आज त्याईच्या तोंडावर सांगते.” मग ती वैजनाथकडे वळली. “अन् मले तुमी आवडता. तुमचं काय ते आत्ताच सांगा.”

वैजनाथनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

“दिसत नव्हतं तवाही सोमवार-गुरुवारची वाट पाह्यत होतो,” तो म्हणाला. “आता तं दिसून राह्यलं. आता मी कुठी जातो.”

नारायणरावांनी बशीतला चहा संपवला. “याले गाडी चालवता येते का?”

“मी शिकवते.”

“तू नाई. मी शिकवतो. बाजूले बसून शिकवाले डोळे लागत नाई, पाय पुरते.”

शेगावात त्या मोठ्या घरासमोर गाडी थांबली, पण दार उघडायला कोणी आलं नाही. गाडी इतकी मुकाट आली होती की आतल्यांना कळलंच नव्हतं. सारिकानं ओढणी खोचली आणि उतरायला हँडलला हात घातला.

“थांब,” नारायणराव म्हणाले. त्यांनी लेकीच्या अंगावरून हात लांब केला, स्टिअरिंग चाचपलं आणि हॉर्न दाबला — लांबलचक, एसटी स्टँडवर वळते तेव्हा देतात तसा. गल्लीतली सगळी दारं उघडली.

“जाय आता,” ते म्हणाले. “कोण आलं ते त्याईले कळू दे.”