दोरगल्लीतून सेप्तिमिऊ बाहेर आला नाही

हे मी रचलेलं नाही. क्रूसावर हात ठेवून विचारलंत, तरी हेच सांगेन.

आमचं रुमानियातलं ब्राशोव्ह. आठ नोव्हेंबर, देवदूतांचा सण. दुपारचे चार.

माझा नवरा सेप्तिमिऊ वाटाड्या होता. पाहुण्यांना काळं चर्च, चौक आणि शेवटी दोरगल्ली दाखवायचा. सांगायचा असा, की कीर्तनच ऐकत राहावं!

त्या सकाळी माझ्या हातून चूक झाली.

आमच्या चर्चबाहेर मेणबत्त्या लावायला वाळूच्या दोन पेट्या असतात. एक जिवंतांसाठी, एक मेलेल्यांसाठी. सणाच्या गर्दीत मी त्याच्या नावाची मेणबत्ती दुसरीत लावली.

"अगं वेतुरिया, नवऱ्याला जिवंतपणीच पुरलंस की!" शेजारच्या साविनाकाकी ओरडल्या.

मी ती उपटली. जिवंतांच्या पेटीत खोचली.

ती पेटेचना...

वारा नव्हता. बाजूच्या सगळ्या जळत होत्या.

शेजारी उभा सेप्तिमिऊ मात्र हसला. "पुरलंस तर पुरलंस. जेवायला उठेन. सरमाले कर, आणि कोबीत मांस भर, नुसता भात नको!"

चारला मी दोरगल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी थांबले. गल्ली इतकी चिंचोळी, की हात पसरता येत नाहीत. पाहुण्यांना पुढे सोडून तो मागून बोलत यायचा. आतून त्याचा आवाज घुमत होता.

पाहुणे एकेक करून बाहेर आले. शेवटी एक म्हातारी.

तो नाही.

"अहो, मागेच आहेत ते," म्हातारी म्हणाली. "बोलतायत अजून. ऐका ना!"

आवाज येत होता...

मी आत धावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकही दार उघडं नव्हतं. तो माझ्या पुढेच बोलत होता. चार पावलांवर.

तिथे कोणीच नव्हतं.

पोलीस येऊन गेले. पाद्रीबाबांनी रात्रंदिवस स्तोत्रं गायली. त्या सुरांपाशी मी पोटभर रडले. सहा वर्षं झाली. देवावर माझी श्रद्धा आहे. तो परतेल, यावर नाही.

आवाज अजून येतो. रोज, दिवस कलताना.

आता त्याच्यासोबत पावलं वाजतात... पुष्कळ पावलं. दर वर्षी जास्त.

"सेप्तिमिऊ, घरी चल रे," मी म्हणते.

तो आपला सांगतच राहतो.

काल मात्र मध्येच थांबला. पावलंही थांबली.

"मंडळी, जरा दम धरा," तो म्हणाला. "आमची बायको यायचीय."