बॉयलरवरची इस्त्री

"अकरा वाजून गेले, तरी लाँड्रीची शिट्टी नाही!" ससुलीने हातातले पत्ते टाकले.

भित्री म्हणून तिचं नाव ससुली. पालीला घाबरायची, बंद दाराला घाबरायची, उघड्या दाराला तर जास्तच!

"सुट्टी आहे ना, शिट्टीचं काय घेऊन बसलीस? डाव पूर्ण कर!" पैलवान ओरडला. हा तिचा चुलतभाऊ, अंगाने अगदी काडी.

"चार दिवस झाले. रोज अकराच्या सुमारास वाफ जास्त झाली की बॉयलरची झडप उचलली जाते आणि शिट्टी वाजते, बाबानेच सांगितलंय. आणि चार दिवस बाबा धड जेवतही नाहीये!"

बाबा समोरच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा. दोघं मागच्या दाराने आत शिरली आणि जागीच थबकली. झडपेच्या दांडीला एक जुनी, वजनदार इस्त्री तारेने टांगली होती!

"बाबा, हे कुणी केलं?"

"मीच. झडप उघडली की वाफ वाया जाते, म्हणून मालकांनी ती दाबून ठेवायला सांगितलं. हळू बोल! या वयात मला दुसरं कोण ठेवणार?"

"पण वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेपुढे गेलाय!"

"दिसतंय मला," बाबा म्हणाला. तरी तो हलला नाही.

ससुलीला धूम ठोकायची होती, पण पळायचं म्हणजे बाबाला इथेच सोडायचं. ती भीती सगळ्यांत मोठी होती. तिने चादरी वाळत घालायचा लांब बांबू उचलला.

"पैलवान, धर!"

"अगं, मला भीती वाटतेय!"

"मलाही! घट्ट धर!"

तिसऱ्या ढोसणीला तार निसटली. इस्त्री खाली आदळली, झडप किंचाळली आणि सगळे कामगार बाहेर पळाले. बाबाने दोघांना बखोटीला धरून बाहेर ओढलं.

तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी बॉयलरला सील ठोकलं, मालकाला फैलावर घेतलं आणि मुलांची पाठ थोपटली. "शाबास! अजून दहा मिनिटं गेली असती, तर एकही माणूस वाचला नसता!"

मालकाने बाबाला तिथल्या तिथे काढून टाकलं. इस्त्री टांगणारा हात बाबाचाच होता ना!

आठवडाभरात तीन लाँड्र्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तरी रोज सकाळी तो सवयीने डबा भरायचा आणि अकराला घरीच उघडायचा.

"बाबा, माझं चुकलं का रे?"

"नाही गं. घाबरलो तर मीही होतोच. पण मी नुसता बसून राहिलो," बाबा म्हणाला. त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "खा. उद्या भरायला काही उरेल की नाही, कुणास ठाऊक."

ससुलीला घास गिळवेना. पण बाबा समोर बसला होता, म्हणून तिने तो गिळला.